सरकार म्हणतं 'तस्करी रोखतोय', ते खरं किती हे घरबसल्या कसं तपासायचं

३० जुलैला मानवी तस्करीविरोधी जागतिक दिवस असतो आणि त्या आठवड्यात जवळजवळ प्रत्येक सरकार आपापल्या हँडलवरून आकडे टाकतं, इतक्या धाडी, इतक्यांची सुटका, इतके अटकेत, इतक्या अधिकाऱ्यांना ट्रेनिंग. खाली टाळ्यांचे इमोजी. मी बरीच वर्षं हेच करतेय, म्हणजे रिपोर्ट वाचायचे, टिपणं काढायची, कुणाला लेखासाठी कुणाला प्रोजेक्टसाठी द्यायची, आणि सुरुवातीची दोन-तीन वर्षं मीही धाडीच मोजत बसायचे. आता धाडीचा आकडा मी सगळ्यात शेवटी बघते, का ते खाली येईलच. तर कुठल्याही देशाचं सरकार या बाबतीत खरंच काही करतंय का हे कसं तपासायचं ते सांगते. वकील असायची गरज नाही. रिपोर्ट बहुतेक इंग्रजीत असतात हा एक त्रास, पण त्यांची भाषा इतकी ठराविक असते की दोन वाचले की तिसरा अर्धा पाठच असतो.

आधी एक बाई डोळ्यासमोर धरा

रिपोर्ट उघडायच्या आधी एक माणूस ठरवायचा. माझी एक ठरलेली बाई आहे. दुसऱ्या देशात घरकामाला गेलेली, एजंटला पैसे भरून. पासपोर्ट मालकिणीच्या कपाटात 'सांभाळून' ठेवलाय, फोन रात्री दहा मिनिटं मिळतो, तीन महिन्यांचा पगार 'जमा आहे' असं सांगतात, व्हिसा मालकाच्या नावाशी बांधलेला. मारहाण नाही आणि दाराला कुलूपही नाही. हे कुलूप नसणं मी मुद्दाम ठेवलंय, कारण अर्धे अधिकारी तिथेच फसतात, 'मग गेली का नाही निघून?' विचारतात.

आता रिपोर्टमधलं प्रत्येक वाक्य वाचताना एकच प्रश्न, यातून हिला काय मिळालं? 'राष्ट्रीय कृती आराखडा मंजूर' हिला काही नाही. 'चौदा कार्यशाळा' काही नाही. 'कामगार निरीक्षकांना खासगी घरात जायची परवानगी देणारी दुरुस्ती' अरे वा, इथे काहीतरी आहे, पेन्सिलने खूण करा. सुरुवातीला हे बालिश वाटतं, पण पन्नास पानांचा रिपोर्ट अर्ध्या तासात चाळायची यापेक्षा चांगली युक्ती मला तरी सापडलेली नाही.

शब्दांचा घोळ आधी मिटवा

मराठीत आपण दोन वेगळ्या गोष्टींना एकच 'तस्करी' म्हणतो आणि सगळी गडबड तिथून सुरू होते. पैसे घेऊन माणसाला चोरून सीमेपलीकडे पोचवणं हा एक गुन्हा, त्यात माणूस स्वतःच्या मर्जीने गेलेला असतो आणि पलीकडे पोचला की व्यवहार संपला. आणि माणसाला फसवून, धमकावून, त्याच्या अडचणीचा फायदा घेऊन शोषणासाठी मिळवणं, नेणं, ठेवून घेणं हा वेगळाच गुन्हा, त्याला सीमा ओलांडावीच लागते असं काही नाही, बाजूच्या गल्लीतही होतो. संयुक्त राष्ट्रांनी २००० साली या दोन्हींवर दोन वेगळे प्रोटोकॉल केले. आपल्याला लागतो तो दुसऱ्या गुन्ह्यावरचा, पालेर्मो प्रोटोकॉल, २००३ च्या डिसेंबरपासून लागू. त्याची व्याख्या तीन तुकड्यांची आहे, काय केलं, कसं केलं, कशासाठी केलं. मूल असेल, म्हणजे अठराच्या आतलं, तर 'कसं केलं' हा तुकडा सिद्ध करायची गरजच नाही. आणि मोठ्या माणसाने 'हो' म्हटलं होतं हा बचाव, फसवणूक किंवा जबरदस्ती दिसली की चालत नाही.

सक्तीची मजुरी, आपल्याकडचा जुना शब्द वेठबिगारी, याची व्याख्या त्याहून जुनी आहे, आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा (पुढे नुसतं 'कामगार संघटना' म्हणेन, ती हीच) १९३० चा करार क्रमांक २९. कुठल्यातरी शिक्षेच्या धाकाने करवून घेतलेलं आणि माणूस स्वखुशीने पुढे न आलेला असं काम. धाक म्हणजे काठीच नव्हे, 'पोलिसांना सांगेन तुझा व्हिसा संपलाय' हाही धाकच.

मग देशाचा कायदा उघडा आणि नुसतं बघा, हे तुकडे आहेत का. काही देशांचा कायदा फक्त वेश्याव्यवसायापुरता असतो, तिथे शेतातला, बोटीवरचा, बांधकामावरचा माणूस कागदावर पीडितच ठरत नाही. काही ठिकाणी उलट, तस्करीच्या नावाखाली विनापरवाना सीमा ओलांडणाऱ्यांनाच पकडतात आणि तो आकडा यात मिळवतात. आकडा मोठा दिसतो, ती बाई मात्र आत.

कर्जाचं गणित एकदा स्वतः करून बघा

'कर्जाचा सापळा' वाचून काही कळत नाही, कागद घ्या. महिन्याचा पगार १०० धरा, कुठलंही नाणं चालेल. एजंटची फी ६००, ती उसनी, महिना ५ टक्के व्याज. म्हणजे व्याजाचेच ३० गेले. राहायचे २० कापले, जेवणाचे २५, 'कागदपत्रं रिन्यू' १५, उशिरा उठल्याचा दंड १०. बेरीज करा. १०० झाले. हातात शून्य आणि कर्ज सहाशेचं सहाशेच, वर्षभर राबूनसुद्धा. एक आठवडा ताप आला की ते वाढतं. कुणी कुलूप लावलं नाही, तरी ती जाणार कुठे, घरी जायच्या तिकिटाचे पैसेही तिच्याकडे नाहीत.

हे गणित डोक्यात बसलं की प्रतिबंधाच्या नावाखाली नेमकं काय शोधायचं ते आपोआप कळतं. मुळात फी कुणी भरायची? कामगार संघटनेचाच करार क्रमांक १८१, साल १९९७, सांगतो की खासगी एजन्सीने कामगाराकडून फी घेऊ नये, काही मोजके अपवाद सोडले तर. सरकारने असा कायदा केलाय का, केला असेल तर किती एजन्सींचं लायसन्स खरंच रद्द झालं, आणि कामगाराला फी परत मिळाली का. हा शेवटचा प्रश्न कुणी विचारत नाही म्हणून तुम्ही विचारा.

कुठले कागद उघडायचे

सगळ्यात जास्त वाचला जातो तो अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याचा वार्षिक रिपोर्ट, २००१ पासून येतो, देशांना टियर १, टियर २, टियर २ वॉच लिस्ट आणि टियर ३ अशा खणांत टाकतो, टियर १ सगळ्यात वरचा, टियर ३ सगळ्यात खालचा. बातम्या फक्त खणाच्या येतात. पण टियर १ म्हणजे त्या देशात तस्करी नाही असं अजिबात नाही, अमेरिकेच्याच कायद्यातले किमान निकष सरकार पुरे करतं एवढाच अर्थ. दुसरं म्हणजे यात राजकारण असतं. २०१५ ला मलेशियाला टियर ३ वरून वर काढलं तेव्हा ट्रान्स पॅसिफिक व्यापार कराराच्या वाटाघाटी चालू होत्या आणि अमेरिकेच्याच सिनेटरांनी त्यावर जाहीर प्रश्न विचारले होते. स्वतःला या यादीत घ्यायला अमेरिकेने २०१० साल उजाडू दिलं, आणि तो १९३० चा करार २९ त्यांनी अजून मान्यच केलेला नाही. म्हणून रिपोर्ट फेकून द्यायचा का? नाही हो, आतला मजकूर कामाचा असतो. फक्त खण सोडून द्या आणि उलटं वाचा. देशाच्या भागात सगळ्यात शेवटी 'तस्करीचं चित्र' असा उतारा असतो, कोण, कुठे, कुठल्या धंद्यात फसतंय. तो आधी वाचा. मग शिफारशी, मग बाकीचं. शेवटच्या उताऱ्यात बोटींवरचे कामगार आहेत आणि खटल्यांच्या उताऱ्यात बोटीचा 'ब' नाही, असं दिसलं की समजा सरकार भलतीकडेच बॅटरी मारतंय.

दुसरा अड्डा कामगार संघटनेचा नॉर्मलेक्स नावाचा डेटाबेस. तिथे देश निवडला की तज्ज्ञ समितीने त्या सरकारला काय काय विचारलंय ते दिसतं. 'ऑब्झर्व्हेशन' सगळे वाचतात, तुम्ही 'डायरेक्ट रिक्वेस्ट'ही वाचा, बारीक प्रश्न त्यातच असतात आणि तोच प्रश्न तीन-तीन वेळा आलेला दिसला की सरकारने उत्तर दिलेलं नाही हे न सांगता कळतं. युरोपातला देश असेल तर ग्रेटा नावाच्या तज्ज्ञ गटाचे रिपोर्ट, ते स्वतः जाऊन निवारागृहं बघतात, मला सगळ्यात आवडतात ते हेच.

जगाचा एकूण अंदाज लागला तर कामगार संघटनेचा २०२१ सालचा आकडा आहे, २ कोटी ७६ लाख लोक सक्तीच्या मजुरीत. त्यातले १ कोटी ७३ लाख खासगी धंद्यांत, ६३ लाख लैंगिक शोषणात आणि ३९ लाख लोकांकडून खुद्द सरकारं काम करवून घेतात. लक्षात ठेवा, हा सर्व्हे करून काढलेला अंदाज आहे, मोजदाद नव्हे. कुणी 'आमच्या देशात नेमके अमुक इतके' म्हणालं की कसं मोजलं ते विचारा.

ओळख पटवणं, खरी मेख इथे आहे

रिपोर्टमधली वाक्यं साधारण अशी असतात, नमुना मी बनवलाय, कुठल्या देशाचा नाही: 'सरकारने २१२ संभाव्य पीडितांची ओळख पटवली, आधीच्या वर्षी १८०. त्यातले १९७ लैंगिक शोषणाचे, १५ सक्तीच्या मजुरीचे. १४० जणांना निवारागृहात पाठवलं.'

वाचा परत. १८० चे २१२ झाले हे वाईट की चांगलं? बहुतेकदा चांगलं, शोधलं तर सापडतात. भीती वाटावी अशी गोष्ट म्हणजे शून्य. मग १५ बघा, शेती-बांधकाम-घरकामावर चालणाऱ्या देशात मजुरीचे फक्त पंधरा म्हणजे तिकडे कुणी बघितलेलंच नाही. मग २१२ वजा १४०, ते ७२ कुठे गेले? पुरुष असतील तर निवारागृहच नसेल, परदेशी असतील तर डिटेन्शन सेंटर, नाहीतर सरळ विमानात बसवून परत. रिपोर्टमध्ये लिहिलेलं नसतं, वजाबाकी आपणच करायची.

कोणी ओळख पटवली तेही बघा. पोलीस एकटेच पटवत असतील तर पोलिसांना घाबरणारी ती बाई कधीच पुढे येणार नाही. कामगार निरीक्षक, डॉक्टर, संस्था, युनियन यांनाही अधिकार असला पाहिजे. कामगार संघटनेची अकरा लक्षणांची यादी आहे, कागदपत्रं काढून घेणं, पगार अडवणं, कर्ज, एकटं पाडणं, हालचालीवर बंधन, धमक्या, फसवणूक, मारहाण किंवा लैंगिक अत्याचार, बेसुमार ओव्हरटाइम, राहायची-कामाची हलाखी आणि अडचणीचा फायदा. माझ्या बाईला यातली निदान पाच-सहा लागू होतात आणि कुलूप त्यात नाहीच. निरीक्षकाच्या फॉर्मवर ही लक्षणं छापलेली आहेत का, बऱ्याच देशांचे फॉर्म ऑनलाइन मिळतात, बघा एकदा.

आणि तपासणी होते कशी? थायलंडचं उदाहरण मी सगळ्यांना देते. २०१४ ला टियर ३, मग एप्रिल २०१५ ला युरोपियन युनियनचं यलो कार्ड, म्हणजे सुधारा नाहीतर तुमची मासळी घेणं बंद असा इशारा. ते कार्ड खरं तर बेकायदा मासेमारीबद्दल होतं, मजुरीबद्दल नव्हे, पण युरोपची बाजारपेठ बंद पडायची वेळ आल्यावर सरकार धावलं. बोट निघताना आणि परतताना बंदरावर तपासणी सुरू केली, आकडे काढले. ह्युमन राइट्स वॉच या मानवी हक्क संस्थेने नंतर दाखवून दिलं की सरकारच्या २०१५ च्या रिपोर्टप्रमाणे पावणेपाच लाखांच्या आसपास मासेमारी कामगार तपासले गेले आणि सक्तीच्या मजुरीची केस सापडली किती, तर एकही नाही. पावणेपाच लाखांत एक नाही! धाडी आणि तपासण्या मोजणं मी सोडलं ते हे वाचल्यावर. कारण तपासणी म्हणजे कप्तानासमोर रांग लावायची, यादीवर नावं जुळवायची, दुभाषा नसला तरी 'सगळं ठीक?' विचारायचं, आणि कप्तान बाजूला उभा असताना कोण म्हणेल ठीक नाही म्हणून. तर तपासणीचा आकडा दिसला की तीन गोष्टी शोधा, दुभाषा होता का, मालकाला बाजूला काढलं का, आणि निरीक्षक त्या माणसाचा व्हिसा इमिग्रेशनला कळवतो का. हा तिसरा फार महत्त्वाचा, तो कळवत असेल तर बाकी दोन असून उपयोग नाही.

याच्या उलट ब्राझील. तिथे १९९५ पासून फिरती पथकं आहेत, कामगार निरीक्षकांबरोबर कामगारविषयक खटल्यांचे सरकारी वकील आणि पोलीस एकत्र जातात, न सांगता. तिथल्या दंडसंहितेचं कलम १४९ हलाखीची परिस्थिती आणि जीव जाईल इतकं काम यालाही गुलामीच धरतं, त्यामुळे कुलूप शोधत बसावं लागत नाही. साठ हजारांहून जास्त लोक आतापर्यंत सोडवलेत. सुटलेल्या माणसाला राहिलेला पगार तिथेच हिशोब करून आणि वर बेकारी विम्याचे तीन हप्ते. मालकाचं नाव 'घाणेरड्या यादीत' जातं, दोन वर्षं राहतं, बँका कर्ज देताना ती यादी बघतात. तिथे सगळं आलबेल आहे असं नाही, मालक लोक कोर्टात गेले, यादी मध्ये बंदही पडली होती, २०२० ला सुप्रीम कोर्टाने ती वैध ठरवली. पण यंत्रणा कशी दिसते ते बघायचं असेल तर हे बघा.

खटले

इथे मी थोडक्यात आटोपते कारण पद्धत सोपी आहे. अटक, आरोपपत्र, दोषी आणि प्रत्यक्ष तुरुंगवास हे चार आकडे एकाखाली एक लिहा, गळती कुठे होते ते दिसतं. कुठल्या कलमाखाली दोषी ठरले तेही बघा, तस्करीचं कलम लावून सुरुवात होते आणि शेवट 'पगार थकवला' या किरकोळ कलमावर दंडाने होतो, हे मजुरीच्या केसमध्ये फार. शिक्षा निलंबित असेल तर ती शिक्षा धरू नका.

आणि दोषी कोण आहेत? नुसते छोटे दलाल आणि ड्रायव्हर असतील तर वरचे सुटले. सरकारी माणसं सामील असल्याचा एक उतारा असतो, तो कधीच वगळू नका. थायलंडमध्येच २०१७ ला रोहिंग्यांच्या तस्करीत एका लेफ्टनंट जनरलला २७ वर्षांची शिक्षा झाली, मोठीच गोष्ट. पण ज्या पोलीस अधिकाऱ्याने तो तपास केला त्याला त्याआधीच जिवाच्या भीतीने ऑस्ट्रेलियात आसरा मागावा लागला होता. दोन्ही गोष्टी एकाच ओळीत लिहून ठेवा.

दार उघडल्यानंतर दुसऱ्या दिवशी काय

समजा ती सुटली. पहिली रात्र कुठे झोपली? निवारागृहाला बाहेरून कडी असते का, फोन वापरू देतात का, बाहेर पडता येतं का? विनोद नाही हा, कितीतरी ठिकाणी 'सुरक्षेसाठी' बाईला महिनोनमहिने आत ठेवतात आणि रिपोर्टमध्ये त्याला संरक्षण म्हणतात. एका मालकाच्या घरातून निघून सरकारच्या घरात अडकली.

मग वेळ. युरोपातल्या २००५ च्या तस्करीविरोधी कराराप्रमाणे किमान ३० दिवस तरी तिला सावरायला आणि विचार करायला द्यायचे, तेवढ्यात देशाबाहेर काढायचं नाही. बाहेरच्या देशांत असं काही आहे का शोधा. त्यानंतरचा राहायचा परवाना तिने साक्ष दिली तरच मिळतो की तसाही मिळतो? इटलीच्या १९९८ च्या कायद्यातल्या कलम १८ मध्ये पोलिसांकडे तक्रार न करताही, संस्थेमार्फत, परवाना मिळायचा रस्ता ठेवलाय. बऱ्याच ठिकाणी मात्र आधी साक्ष, मग कागद. आता विचार करा, एजंटला तिच्या घरचा पत्ता माहितीय, ती कोर्टात बोलेल?

पैसे. कोर्टाने नुकसानभरपाईचा आदेश दिला ही अर्धी बातमी. हातात आले का? आदेश आणि वाटप हे दोन वेगळे आकडे मागा. मी एकदा एका कार्यालयाला मेल करून हेच विचारलं होतं, आदेश किती आणि वाटप किती, उत्तर आलं ते छानपैकी रंगीत पीडीएफ, आत ट्रेनिंगचे फोटो, दीपप्रज्वलन, आणि वाटपाच्या रकान्यात आडवी रेघ. ती रेघ मी टिपणात तशीच ठेवली.

अजून एक, तिच्याकडून जबरदस्तीने जो गुन्हा करवून घेतला त्याची शिक्षा तिलाच होते का? हा प्रश्न आता फार मोठा झालाय. म्यानमार, कंबोडियातले ते ऑनलाइन फसवणुकीचे कंपाउंड माहिती असतील, कॉम्प्युटरची नोकरी म्हणून बोलावतात आणि पासपोर्ट काढून घेऊन लोकांना फसवायला बसवतात. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क कार्यालयाने २०२३ ला म्यानमारमध्ये किमान १,२०,००० आणि कंबोडियात १,००,००० च्या आसपास लोक असे अडकल्याचा अंदाज दिला. आता तिथे धाड पडते तेव्हा पकडलेल्यांत फसवणारा कोण आणि फसलेला कोण हे कुणी वेगळं करतंय का, की सगळ्यांना एकाच बसमध्ये घालून 'आरोपी' म्हणून परत पाठवतात? त्यांच्या मायदेशातल्या सरकारनेही विमानतळावर उतरल्यावर काय केलं ते बघा, हार घातला की हातकडी.

व्हिसा, कंपन्या, व्यापार

व्हिसा मालकाशी बांधला की मालकाच्या हातात लगाम येतो, याला वेगळा पुरावा नको. ब्रिटनने २०१२ ला घरकामगारांच्या व्हिसावरचा मालक बदलायचा हक्क काढून घेतला, मग बरीच टीका झाल्यावर २०१६ ला थोडा परत दिला, व्हिसाच्या सहा महिन्यांच्या आत बदला म्हणून. ती सहा महिन्यांत नुसती रस्ते ओळखायला लागते. कतारने २०२० ला मालकाच्या ना-हरकत पत्राची अट काढली. अशा बदलांत कायद्याच्या तारखेवर थांबू नका, किती जणांनी मालक खरंच बदलला आणि 'पळून गेली' म्हणून उलट तक्रार करायची मालकाची सोय बंद झाली का ते शोधा.

ब्रिटनचाच २०१५ चा मॉडर्न स्लेव्हरी कायदा खूप गाजला. ३ कोटी ६० लाख पाउंडांच्या वर उलाढाल असलेल्या कंपनीने दरवर्षी स्टेटमेंट काढायचं, पुरवठासाखळीत गुलामी नसावी म्हणून काय केलं ते सांगायचं. ऐकायला भारी. पण कायदा वाचलात तर दिसेल की 'आम्ही काहीच केलं नाही' असं स्टेटमेंटही चालतं. खरंच तसं लिहिलंय, मी दोनदा वाचलं.

आयातबंदीचं हत्यार जास्त धारदार. अमेरिकेच्या १९३० च्या टॅरिफ कायद्याचं कलम ३०७ सक्तीच्या मजुरीचा माल अडवतं, पण त्यात पळवाट होती, देशात तो माल पुरेसा बनत नसेल तर येऊ दे. ती २०१६ ला बंद झाली आणि मग कलम जागं झालं. २०२० ला मलेशियातल्या एका मोठ्या ग्लोव्ह कंपनीचा माल अडवला तेव्हा कंपनीने कामगारांना एजंटची फी परत केली. वरचं ६०० चं गणित आठवा, ते ६०० परत मिळाले म्हणजे काय झालं असेल! युरोपियन युनियनचा असाच नियम २०२४ ला झाला, लागू होणार डिसेंबर २०२७ पासून. अशा बंदीत बघायचं ते एवढंच की बंदरात माल अडकल्यावर कामगाराच्या हातात काही पडलं का, की फक्त कंटेनर दुसऱ्या बंदराला वळला.

आणि सरकारच मालक असेल तर

वरचे ३९ लाख विसरू नका. उझबेकिस्तानात वर्षानुवर्षं शिक्षक, नर्स, विद्यार्थी यांना कापूस वेचायला पाठवायचे, नाही म्हटलं तर नोकरी गेली. तिथे तस्करीविरोधी कायदा होता, खटले होते, सगळं होतं आणि कापसाच्या शेतात काही बदलत नव्हतं. मग जगातल्या कंपन्यांचा बहिष्कार, कामगार संघटनेची देखरेख, सरकारचं धोरण बदलणं असं सगळं जुळून आलं, २०२१ च्या वेचणीत पद्धतशीर सक्ती संपल्याचं संघटनेने सांगितलं आणि मार्च २०२२ ला बहिष्कार उठला. अशा देशात खटल्यांचा रकाना बघून काही उपयोग नाही, सरळ वेचणी कोण करतंय आणि भाव काय मिळतोय तेच विचारायचं.

शेवटचं काम, जुना रिपोर्ट शेजारी उघडा

एवढं झालं की त्याच देशाचा मागच्या वर्षीचा आणि त्याच्या मागच्या वर्षीचा रिपोर्ट उघडा आणि शिफारशी शेजारी शेजारी लावा. शब्द न् शब्द तोच असेल तर काही झालं नाही. 'सरकारने माहिती दिली नाही' हे वाक्य किती वेळा आलं ते मोजा, कशाबद्दल आलं ते लिहा, बहुतेक वेळा भरपाई, बजेट किंवा सामील अधिकारी. निरीक्षकांची संख्या लिहा आणि कामगारांच्या संख्येने भागा, गरीब देशांसाठी कामगार संघटनेचा ढोबळ मापदंड ४०,००० कामगारांमागे एक निरीक्षक असा आहे, श्रीमंत देशांसाठी १०,००० मागे एक. हेल्पलाइन असेल तर कुठल्या भाषांत चालते आणि रात्री चालते का ते वेबसाइटवर असतं. मस्करी म्हणून फोन लावून बघू नका मात्र, तेवढ्या वेळात खरा फोन अडकतो.

मग संबंधित खात्याला एक छोटा मेल टाका, फक्त तीन प्रश्न, ओळख पटवलेल्यांपैकी मजुरीचे किती, भरपाई प्रत्यक्ष किती जणांच्या हातात पडली, आणि किती जणांना त्यांच्या इच्छेविरुद्ध परत पाठवलं. लांबलचक लिहू नका, लांब मेलला 'योग्य विभागाकडे पाठवलंय' हेच उत्तर येतं. तारीख टाकून पाठवा, महिन्याने आठवण करा, आणि 'माहिती उपलब्ध नाही' आलं तर तेही तारखेसकट टिपणात चिकटवा, पुढच्या वर्षी हेच तीन प्रश्न परत विचारताना ते लागतं.